भरल्या ताटावरून

४ मार्च

कगेहा,

डबा रिकामा आला. जुंबानं त्याची मटाटू गाडी फाट्यावर उभी केली, सीटखालून डबा काढला आणि माझ्या हातात देताना रस्त्याकडे बघत राहिला. एरवी किसुमुची सगळी खबर सांगितल्याशिवाय त्याचं इंजिन सुरू होत नाही. मी डबा हलवून पाहिला. मग झाकण उघडलं. घासूनपुसून लख्ख, आणि आत काही नाही.

मी शेंगदाणे पाठवले होते, तुझ्या आवडीचे, जरा जास्त भाजलेले. ते तू खाल्लेस का शेजारी वाटलेस, मला माहीत नाही. पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये हे मी तुला नीट चालता येण्याआधी शिकवलंय. चिमूटभर मीठ टाकायचंस. एखादं लिंबू टाकायचंस. विसरली असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं, पण तू विसरणाऱ्यातली नाहीस. तू मुद्दाम केलंस.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. सातवीपर्यंत शिकले त्याचा हा असा उपयोग.

पुन्हा सांगते, जानेवारीत मी तुझ्या घरी आले तेव्हा माझं काही चुकलं नाही. मुलाकडची माणसं आधी मुलीच्या बापाच्या अंगणात येतात, बसतात, गाय बांधतात, बोलणी करतात, आमची कोंबडी खातात. ते झाल्याशिवाय मुलीची आई त्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. ही रीत काही मी काढलेली नाही. तू कॉलेजच्या वसतिगृहातून परस्पर ओडेरोच्या खोलीवर राहायला गेलीस आणि आम्हाला कळलं ते शेजारच्या मिदेवाकडून. मग मी तिथं जेवायला कशी बसणार होते? पोटुशी आहेस म्हणून बघायला आले होते. बघितलं आणि निघाले.

पायाला सूज आहे का? असेल तर खारट कमी खा. तुझे बाबा बरे आहेत. ते तुझं नाव काढत नाहीत, म्हणून मीही काढत नाही.

डब्यात या वेळी छोटी केळी घातली आहेत.

तुझी आई


१९ मार्च

कगेहा,

शनिवारी नुसता कहर झाला. काकामेगाकडच्या एका चर्चचं गायकांचं पथक रविवारी येणार होतं, आमच्याकडे फक्त चहा ठरला होता. ते शनिवारी दुपारीच येऊन थडकले, एक अख्खा ट्रक भरून. चर्चचे म्हातारे कारभारी धापा टाकत आले. म्हणाले, "विहेंडा, आता माझी अब्रू तुझ्या हातात."

मी म्हटलं, "अब्रू राहू द्या, आधी जळण पाठवा."

तुला खरं सांगू? तो ट्रक पाहिला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. गुडघे दुखायचे थांबले. सकाळीच चुलीवर म्रेंडाचा पाला चढवला होता, तो आम्हा दोघांपुरता. मग मिदेवाच्या परड्यात शिरले, तिच्या मळ्याचा अर्धा पाला खुडून आणला. घेवड्याच्या टरफलांची राख नेहमी साठवलेली असते, तिचं पाणी गाळून घातलं की पाला कसा लोण्यासारखा होतो. कोंबड्या धुरावर वाळवलेल्या होत्या त्या काढल्या, कमी पडल्या तेव्हा खुराड्याकडे गेले. मिदेवा कुंपणावरून ओरडली, "विहेंडा, तुझ्या घरी ट्रक वाजला की तुझ्या कोंबड्या प्रार्थना करतात म्हणे!"

सगळे जेवले. ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा. जेवण झाल्यावर त्यांनी अंगणात चार आवाजांत गाणं म्हटलं, आणि मी चुलीपाशी उभी राहून ऐकलं. एकटा वीजमीटर बघणारा आला तरी मला असाच आनंद होतो, हे तुला ठाऊक आहे. कुणीतरी येतं, भुकेलं असतं, आणि जाताना नसतं. याहून चांगलं मला काही करता येत नाही.

त्यांच्यातली एक म्हातारी भांडी विसळायला आली. म्हणाली, "एवढं एकटीनं? मुलगी नाही का तुम्हाला?"

म्हटलं, "आहे. किसुमुला शिक्षिका आहे."

खोटं बोलले. तू शिक्षिका व्हायची राहिलीस.

त्यानंतर मला तुझं जानेवारीतलं, दारातलं बोलणं आठवत राहिलं. "ज्याचं नाव माहीत नाही त्याला जेवू घालतेस, आई. आणि माझ्या हातचा एक घास नाही? लहानपणापासून मीठ कमी आहे, मीठ जास्त आहे एवढंच ऐकलं तुझ्याकडून. माझी चटई कायम कुणाच्या ना कुणाच्या अंगाखाली. माझ्या वाट्याला कायम कोंबडीची मान." जिना उतरताना सगळं ऐकू येत होतं मला.

हे सगळं खोटं आहे. तुला मांडीसुद्धा मिळायची, आजारी असलीस की. बरं, चटईचं खरं आहे. पण पाहुण्याला ओल्या जमिनीवर झोपवायचं होतं का?

केळ्यांचा डबाही रिकामा आला. जुंबा म्हणाला, "आई, मी नुसता हमाल आहे हं. माझ्यावर डोळे काढू नका."

तुझी आई


६ एप्रिल, चर्चहून आल्यावर

कगेहा,

आज मी तुझ्या बाबांना विचारलं. मुद्दाम चांगला मुहूर्त धरला. पाद्री जेवून नुकतेच गेले होते, आणि तुझ्या बाबांच्या ताटात पेटा तसाच होता. ते तो शेवटी खातात, ठाऊक आहे ना. कोंबडीच्या पोटातला, पण सगळ्यात मानाचा तुकडा, घरच्या कर्त्याचा. मिदेवाच्या जावेचा पेटा मांजरानं पळवला होता, तर सासऱ्यानं तिला माहेरी पाठवलं, दुसरी कोंबडी घेऊनच ये म्हणून. तेव्हा आम्ही किती हसलो होतो. ती रडत होती आणि आम्ही हसत होतो.

मी म्हटलं, "ओडेरोच्या माणसांना बोलावू या का?"

"कोण ओडेरो?"

"कोण ते तुम्हाला माहीत आहे."

"माझी मुलगी नेताना मला विचारलं का त्यानं? नाही ना? मग आता यायला माझं आमंत्रण कशाला हवं? मी कुणाला हाकलत नाही. आणि बोलावतही नाही."

"पोरीचे दिवस भरत आलेत."

"मग मी काय करू? मी सुईण आहे का?"

"एवढं कडू बोलू नका. म्हातारपणी तोंड तसंच राहील."

"आणि ती तळ्याकाठची माणसं," ते म्हणाले, "मासे खाणारी. त्यांना कोंबडीतलं काय कळणार?"

"तुम्हाला तरी काय कळतं? लग्न झाल्यापासून एकच तुकडा खाताय!"

त्यावर ते हसले. मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. पण हसता हसता त्यांनी पेटा तोंडात टाकला आणि चावत बाहेर गेले, खुर्चीत बसले.

एक सांगते, त्यांना सांगू नकोस. किसुमुकडून येणाऱ्या मटाटूचा भोंगा वाजला की ते खुर्ची रस्त्याकडे वळवतात. गाडी न थांबता पुढे गेली की परत घराकडे वळवतात. त्या जागी मातीत गोल खळगा पडलाय.

मला रात्रंदिवस तुझी काळजी लागलीय. पहिलटकरीण आहेस आणि तुझ्याजवळ आपलं माणूस नाही. मी येऊन राहिले असते, पण त्या घरात पाणी न पिता किती दिवस राहणार? तूच सांग. नुसतं "ये" म्हटलंस तरी मी काहीतरी वाट काढीन.

डबा पाठवत नाही. तो पुन्हा रिकामा आलेला मला बघवणार नाही.

तुझी आई


२७ एप्रिल

कगेहा,

ओडेरो येऊन गेला. तुला न सांगता आला होता. हे पत्र मिळेपर्यंत त्यानं तुला सांगितलं असेल, पण माझ्याकडूनही ऐक.

आम्ही मका पेरून नुकतेच आलो होतो. अंगणाच्या कडेला, त्या मोठ्या खडकापाशी, एक उंच मुलगा उभा. स्वच्छ शर्ट, हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. आत पाऊल टाकत नव्हता. तुझे बाबा खुर्चीत होते. त्यांनी त्याला ओळखलं, तरी उठले नाहीत. शेवटी म्हणाले, "उभा का? बस."

तो बसला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"तिनं पाठवलं तुला?"

"नाही. मी कामावर गेलोय असं तिला वाटतंय."

दुसऱ्या कुणा आईनं त्याचे हात धरले असते, रडली असती. मी काय केलं? मी खुराड्याकडे पळाले. मोठ्या सणासाठी राखलेला लाल कोंबडा धरला आणि मिदेवाच्या नवऱ्याकडून कापून घेतला. माझा आनंद हातांतूनच बाहेर पडतो, त्याला मी काय करू? नातीची बातमी घेऊन आलेला माणूस आहे, त्याला जेवल्याशिवाय कसा जाऊ देऊ? रीत, बोलणी, गाय, काही काही माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा तरी रीत आठवायला हवी होती, नाही का? नाही आठवली.

आतून मला बाहेरचं ऐकू येत होतं. तुझ्या बाबांनी विचारलं, "वजन?"

"तीन किलोच्या वर."

"हं." आणि थोड्या वेळानं, "कुणासारखी आहे?"

"कपाळ तुमच्यासारखं म्हणते कगेहा."

तुझे बाबा खोकले.

मी दोन ताटं वाढली. पेटा तुझ्या बाबांच्या ताटात, आणि ओडेरोच्या ताटात मांडी, छातीचा तुकडा, मक्याच्या पिठाची वाफाळती उगाली, वर दाट रस्सा. त्याच्या हातांवर मीच पाणी ओतलं. त्यानं हात धुतले, म्हणून मला वाटलं हा जेवणार.

तो ताटापुढे बसला आणि ओले हात मांडीवर ठेवले.

"जेव ना," मी म्हटलं.

"आई, वासानंच भूक खवळलीय. सकाळपासून काही खाल्लेलं नाही. पण मी जेवलो तर घरी जाऊन तिला काय सांगू?"

"सांगायचंच कशाला?"

"ती विचारेल. तिच्याशी मी खोटं बोलत नाही." मग खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर तिनं ते जेवण कुणाला खाऊ दिलं नाही. मलाही नाही. पहाटे उठून बाजारातून कोंबडी आणली होती तिनं, एवढं पोट घेऊन. शेवटी खालच्या मजल्यावरच्या कुत्र्यापुढे टाकली. मी तुमचा राग करत नाही, आई. पण मला हे गिळता यायचं नाही."

तो उठला, दोघांना नमस्कार करून निघाला. तुझ्या बाबांनी पेटा हातात घेतलेला होता. तो त्यांनी खाल्ला, पण औषध घ्यावं तसा.

माझ्या अंगणातून भरल्या ताटावरून उठून गेलेला हा पहिला माणूस. चोर जेवून गेलेत इथून. मिदेवाची सासू जिवंतपणी माझ्याशी बोलत नव्हती, पण जेवायची. मी त्याच्या ताटासमोर बसून राहिले. रस्सा गार झाला, वर तेलाचा थर आला, उगालीला साल धरली. मला वाटलं मी वाईट स्वयंपाक केला. मला वाटलं मी सगळीच वाईट आहे. एक दुपार मला एवढं झालं, आणि तू हे जानेवारीपासून घेऊन बसली आहेस.

कगेहा, मला माफ कर.

आई


३० एप्रिल

कगेहा,

शनिवारी जुंबाच्या सकाळच्या गाडीनं मी येतेय. तुझ्या बाबांना सांगितलंय. ते म्हणाले, "जा." मी म्हटलं, "मी तिथं जेवणार आहे." त्यावर ते उठून गाईला पाणी दाखवायला गेले. गाईला मी आधीच पाणी दाखवलं होतं.

मी काही घेऊन येणार नाही. डबा नाही, कोंबडी नाही, केळी नाहीत. आयुष्यात मोकळ्या हातानं मी कुणाच्या घरी गेलेली नाही, त्यामुळे जरा अवघडल्यासारखी दिसेन. हसू नकोस.

फार काही करू नकोस. बाळंतीण आहेस. नाही, खोडते ते. कर. तुला जे करायचंय ते कर.

आई


११ मे

माझ्या कगेहा,

तू समोरच होतीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. पण माझ्या मनात काय चाललं होतं ते मी तिथं बोलले नाही. मला समोरासमोर बोलता येत नाही, मला वाढता येतं. म्हणून लिहिते.

जानेवारीत मी रीत म्हणून जेवले नाही असं तुला सांगत आले. रीत खरीच आहे. पण तुझ्या दारात मला आधी रीत आठवली नव्हती. तू खोलीच्या मधोमध एक खुर्ची ठेवली होतीस, तिच्यावर भरतकामाचं कापड टाकलं होतंस, आणि म्हणालीस, "आई, इथं बस, कशाला हात लावू नकोस." कुणी माझ्या हातांवर पाणी ओतलंय, कुणी मला वाढलंय, आणि मी नुसती बसलेय, असं कधी झालंच नव्हतं. कुठं बघायचं, हात कुठं ठेवायचे, मला कळेना. तेव्हा रीत सापडली, तिच्याआड लपले. परत येताना मटाटूत मी कनवटीला बांधून आणलेली उकडलेली रताळी खाल्ली, खिडकीकडे तोंड करून. जुंबानं आरशातून पाहिलं. तेव्हापासून तो मला जरा कमी घाबरतो.

या वेळीही तसंच झालं. खुर्ची तीच, कापड तेच. मी उगाली ढवळायला उठले, तू बसवलंस. पोर रडली म्हणून उठले, तू म्हणालीस, "रडू दे क्षणभर, तिला आजी पळून जायची सवय नको." टोमणा मारलास ना? मी कळून न कळल्यासारखं केलं. पोर मात्र खरंच तुझ्या बाबांचं कपाळ घेऊन आलीय. बिचारी.

मग तू पाण्याचं भांडं घेऊन आलीस. मी हात पुढे केले. तू बारीक धार धरलीस. पाणी कोमट होतं. तू ते कोमट केलं होतंस माझ्यासाठी.

आणि ताट. मला वाटलं होतं मान असेल, नाहीतर पाठीचा तुकडा, जे मी नेहमी खाते. ताटाच्या मधोमध पेटा होता.

मी म्हटलं, "हा ओडेरोचा. चुकून इकडे आला."

तू म्हणालीस, "ओडेरो मुद्दाम बाहेर गेलाय, तुला अवघडू नये म्हणून. आज या घरात सगळ्यात मोठी तूच. खा."

माझ्या आईनं तर जन्मात कोंबडी चाखली नाही, तेव्हा बायकांना चालतच नव्हती. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रांधली. आणि मी किती पेटे साफ केले असतील, आतली पिवळी साल सोलून, मिठानं घासून, एकाला जरी चीर पडली तरी जीव खालीवर व्हायचा. चव कशी असते ते मला माहीत नव्हतं. खाल्ला मी. चिवट आहे गं! चावून चावून दाढ दुखली. एवढ्यासाठी मिदेवाच्या जावेला रस्त्यानं चालवत माहेरी पाठवलं होतं? ते मनात आलं आणि मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं. तू घाबरलीस. तुला वाटलं काही बिघडलं. तू विचारलंस, "मीठ? मीठ कमी पडलं का?" माझं तोंड भरलेलं होतं, मला बोलता आलं नाही. मग पोर उठली आणि ते तसंच राहिलं.

घरी आले तेव्हा तुझे बाबा खुर्चीत होते, रस्त्याकडे तोंड करून. त्यांनी विचारलं, "जेवलीस?"

"जेवले."

"काय होतं?"

मी लपवणार होते. पण तुझ्या नवऱ्याचं बोलणं आठवलं. म्हटलं, "पेटा."

ते बघतच राहिले. मी वाट पाहिली की आता काहीतरी फुटणार. ते फुटलं नाही, पण त्या दिवसापासून ते माझ्याशी नीट बोललेले नाहीत. मिदेवालाही कुठूनतरी कळलंय. ती विहिरीवर म्हणाली, "आता विहेंडा पाहुण्यांना चोच आणि नखं वाढणार वाटतं." बायका हसल्या. हसू देत. आम्हीही हसलो होतो.

आज रविवार. पाद्री जेवायला होते. मी नेहमीसारखा पेटा तुझ्या बाबांना वाढला. बाकी सगळं त्यांनी संपवलं, हाडं चोखली, रस्सा पुसून घेतला. पेटा तसाच ठेवला आणि उठले. लग्नानंतर असं एकदाही झालेलं नाही. माझ्यावरच्या रागानं ठेवला, मला ठेवला, की खालून चढ चढून येणाऱ्या कुणासाठी ठेवला, ते मी विचारलं नाही. विचारलं तर ते नको ते उत्तर देतील आणि मग त्यालाच चिकटून बसतील. मी तो चुलीवरच्या धुरात टांगून ठेवलाय. धुरात बरेच दिवस टिकतो. पण फार दिवस टिकत नाही, एवढं लक्षात ठेव, आणि ओडेरोलाही सांग.

जुंबा या वेळी तुझा डबा देऊन गेला. तू मला कळू न देता त्याच्याकडे दिला होतास. तळ्यातली वाळवलेली बारीक मासळी, काठोकाठ. तुझ्या बाबांना वास आला, नाक मुरडलं, आणि घरातून बाहेर काही गेले नाहीत.

आणि तू विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. मीठ बरोबर होतं, बाळ. अगदी बरोबर होतं.

तुझी आई